बावन्न मुलांचा मे, अकरा मुलांचा जुलै

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावजवळच्या एका विनाअनुदानित हायस्कूलमध्ये नऊ वर्षं विज्ञान शिकवणारे एक सर आहेत, वय ३६, विद्यापीठाकडून टेनिस खेळलेले. यंदाच्या एप्रिल-मेमध्ये त्यांनी एका क्लबाच्या दोन कोर्टांवर उन्हाळी शिबिर घेतलं. बावन्न मुलं आली आणि दोन महिन्यांत शाळेच्या चार पगारांएवढे पैसे सुटले. आता क्लब म्हणतोय, कायमचेच या. पत्नी पतसंस्थेत नोकरीला, मुलगी दुसरीत. सर विचारतात: राजीनामा देऊ का? कुठला कोर्स करू? आणि छत्तीस म्हणजे उशीर झाला का?

सर, मी गणिताची बाई होते. चौदा वर्षं फळ्यापुढे काढली, २०११ साली नोकरी सोडली आणि तेव्हापासून घर टेनिसवर चालतंय. शाळेत 'बाई' होते, कोर्टावर 'मॅडम' झाले, एवढी बढती मिळाली. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर: द्या राजीनामा, पण या जूनमध्ये नको. एक पावसाळा नोकरीत राहूनच कोच म्हणून काढा, मग बोलू.

शिक्षकाला फसवायला मे महिन्यासारखा महिना नाही. शाळेला सुट्टी, म्हणून तुम्ही मोकळे. मुलं मोकळी. आयांना पोरं चार तास घराबाहेर हवीत. पावसाची झड नाही, आणि पुण्या-सोलापूरच्या मानाने आपली हवा गार, त्यामुळे मामाकडे सुट्टीला आलेली पोरंही शिबिरात येतात. तुमच्या बावन्नांतले पाहुणे किती होते ते आधी वहीत बघा. माझ्या पहिल्या शिबिरात ४७ होते. त्यांतले तेरा जण पुणे, ठाणे, हुबळी इथले निघाले आणि शाळा उघडायच्या आत आपापल्या गावी गेले.

ती वही अजून आहे माझ्याकडे, शंभर पानी, शाळेच्या हजेरीसारखीच आखलेली. मे ४७, जून २९, जुलै ११, ऑगस्ट ९, सप्टेंबर १४. ऑक्टोबरात उघडीप झाली तशी ३१, डिसेंबरात ३८, आणि फेब्रुवारीत परत १९, कारण 'परीक्षा आल्या की ओ मॅडम'. जुलैतल्या अकरांपैकी चौघांनी फी भरली नव्हती. मला मागायची लाज वाटत होती. शाळेत फी ऑफिस घेतं, बाईंनी कधी हात पुढे केलेला नसतो. ही लाज जायला मला दोन वर्षं लागली आणि त्या दोन वर्षांत किती पैसे बुडाले त्याचा हिशेब मी मुद्दाम केलेला नाही.

पावसाचं तुम्हाला मी काय सांगावं, तुम्हीही इथलेच. मिरग थोडाफार खेळू देतो. जुलैतली तरणा आणि म्हातारा ही नक्षत्रं लागली की मातीचं कोर्ट म्हणजे भाताचा चिखल. पाऊस थांबला म्हणून लगेच खेळता येत नाही. वरची माती बसलेली असते, कडेला शेवाळ धरलेलं असतं, मग मुरूम टाका, पाणी मारा, रोलर फिरवा, चुन्याची फक्की मारा. इतकं होईपर्यंत संध्याकाळी पुन्हा सर येते. सिमेंटचं कोर्ट असेल तर वायपरने पाणी ओढून अर्ध्या तासात सुरू करता येतं, पण त्यावर मुलं घसरतात, आणि भिजलेला चेंडू इतका जड होतो की दहा वर्षांच्या पोराचं मनगट दुखतं. क्लबाची दोन कोर्टं कशाची आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. मला तुमच्या फोरहँडपेक्षा त्यात जास्त रस आहे.

पहिली चार वर्षं जून ते सप्टेंबर मी घरी दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेतल्या. नोकरीत असताना शिकवणी घेता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यातच शिक्षकांना ती मनाई आहे. नोकरी सुटल्यावर आडकाठी राहत नाही. तुमचा विषय विज्ञान आहे, तो टेनिसच्या नादात गंजू देऊ नका. जुलैचा किराणा त्याच्यावर येईल. दुसरी कमाई रॅकेटच्या जाळीची. एक साधं स्ट्रिंगिंग मशीन घेतलं आणि शिकले. मुलांची तार तुटली की पूर्वी रॅकेट कोल्हापूरला किंवा धारवाडला पाठवावी लागे. आता शेजारच्या क्लबांतूनही येतात.

फी महिन्याची ठेवू नका, तीन महिन्यांची ठेवा. जुलै-सप्टेंबरच्या तिमाहीला फी कमी करा, पण बंद करू नका, आणि त्यात नक्की काय देणार ते आधी सांगा: एखाद्या शाळेचा हॉल भाड्याने घेऊन पायांची हालचाल, दोरीच्या उड्या, भिंतीवर चेंडू, उघडीप मिळाली तर कोर्ट. 'पाऊस लागलाय की मॅडम, पोरगं चार दिवस आलंच नाही, अर्धी फी घ्या की' हे दर जुलैत ऐकायला मिळणार. पावती जूनमध्येच फाडलेली असेल तर हे संभाषण हसत हसत होतं.

आता क्लबाचं. 'कायमचे या' म्हणजे काय, ते कागदावर घ्या. एका क्लबाने मला तोंडी शब्दावर सकाळचे दोन तास दिले होते. तिसऱ्या वर्षी चाळीस मुलं जमल्यावर समितीला जाग आली की सकाळचं कोर्ट सभासदांना हवं आहे. पंधरा दिवसांची मुदत मिळाली. चाळीसांतली सव्वीस मुलं मी दुसऱ्या जागेवर नेऊ शकले, बाकीच्यांना ते लांब पडलं. त्यामुळे तास कोणते, कोर्ट किती, क्लबाचा वाटा जमलेल्या फीवर की ठोक, पावसाळ्यात भाडं द्यायचं की नाही, लाइटचं बिल कुणाचं आणि माळ्याचा पगार कुणाचा, हे सगळं सही करून घ्या. क्लबात जुना मार्कर असेल तर त्याच्याशी पहिल्या दिवसापासून नीट वागा. वीस-वीस वर्षं सभासदांबरोबर खेळलेला माणूस असतो तो, त्याच्या पोटावर पाय येतोय असं त्याला वाटलं तर तुमचं कोर्ट कधीच वेळेवर ओलं होणार नाही.

शिकवण्याबद्दल. तुमची नऊ वर्षं इथे फुकट जात नाहीत, उलट तेच तुमचं भांडवल आहे. चांगले खेळाडू कोच म्हणून पडतात ते याच ठिकाणी: त्यांनी कधी चाळीस मुलं एका खोलीत सांभाळलेली नसतात. शेवटच्या बाकावरचं गप्प पोर तुम्हाला दिसतं, त्यांना दिसत नाही. पण एक सवय शाळेच्या फाटकाबाहेर ठेवून यावी लागते. ती म्हणजे बोलणं.

माझ्या पहिल्या महिन्यात मी सर्व्हिसची पकड शिकवत होते. फळा नव्हता म्हणून बोटाने हवेत आकृत्या काढत होते. बोटं कुठे, तळव्याची टाच कुठे, का. दहा मिनिटं झाली असतील. आठ वर्षांचा एक मुलगा खाली बसून बुटाच्या टोकाने मुंग्यांच्या वारुळाला बांध घालत होता, आणि त्याच्या मागचे तिघे तो बांध टिकतो का ते बघत होते. मी सवयीने विचारलं, 'समजलं का?' सगळे एका सुरात 'हो बाई' म्हणाले. पकड एकाचीही बरोबर नव्हती.

त्या रात्री मी गणित मांडलं. एका कोर्टावर बारा मुलं रांगेत, मी एकटी चेंडू टाकतेय. पाच सेकंदाला एक चेंडू धरला तर चाळीस मिनिटांत ४८० चेंडू, म्हणजे प्रत्येकी ४०. त्यात माझ्या भाषणाची दहा मिनिटं वजा केली की ३०. एक तास आलेलं मूल तीस वेळा रॅकेट फिरवून घरी जातं, आणि त्याचा बाप महिन्याची फी भरतो. मला घाम फुटला.

उपाय आधीच कुणीतरी काढून ठेवला होता. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने (आयटीएफ) २००७ मध्ये 'प्ले अँड स्टे' ही मोहीम काढली. लहान मुलांना लहान कोर्ट आणि मंद चेंडू. लाल चेंडू नेहमीच्या पिवळ्यापेक्षा ७५ टक्के मंद, नारिंगी ५० टक्के, हिरवा २५ टक्के. २०१२ पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू वापरायचाच नाही असा नियमच झाला. कारण साधं आहे. पिवळा चेंडू नियमाप्रमाणे २५४ सेंटिमीटरवरून सोडला तर १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळतो. पहिली-दुसरीतलं पोर त्याच्यापेक्षा बुटकं असतं. ते बिचारं डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूला माश्या मारल्यासारखं रॅकेट मारतं, आणि आपण म्हणतो याला टेनिस जमणार नाही.

लाल चेंडूचं कोर्ट ३६ फूट लांब लागतं. मोठ्या कोर्टाची दुहेरीची रुंदीही ३६ फूटच. म्हणजे लहान कोर्टं आडवी टाकली की मोठ्या कोर्टाच्या ७८ फूट लांबीत अशी चार बसतात. मी मोठ्या जाळ्याला काटकोनात, कोर्टाच्या लांबीने सुतळी ताणली, तिला जुन्या ओढण्या बांधल्या, आणि बारा मुलं तीन-तीनच्या चार गटांत सोडली. दोघे खेळतात, तिसरा मोजतो, मग बदली. मी फक्त फिरत होते. त्या तासाला एकेकाच्या वाट्याला किती चेंडू आले ते मोजता मोजता दीडशेच्या पुढे मी नाद सोडला. तुमच्या दोन कोर्टांवर चोवीस लहान मुलं एकाच वेळी खेळू शकतात. क्लबाला भाडं परवडायचं असेल तर तुम्हाला हे आलंच पाहिजे.

सूचना तीन शब्दांच्या वर नको. येळ्ळूरची एक मुलगी होती, हात झकास, पण चेंडू नेहमी उशिरा. मी तिला पायांबद्दल, खांद्याबद्दल, मागे न्यायच्या रॅकेटबद्दल सगळं सांगून झालं होतं. शेवटी एवढंच सांगितलं की चेंडू टप्पा घेईल तेव्हा 'पडला' म्हण आणि रॅकेटला लागेल तेव्हा 'मारला' म्हण, मोठ्याने. दहा मिनिटांत तिचा 'मारला' वेळेवर यायला लागला, कारण डोळा टप्प्यावर बसला. शेजारच्या कोर्टावर कन्नड मुलं होती, त्यांनी आपलं आपण 'बित्तु, होडि' सुरू केलं. चेंडूला दोन्हीकडे चेंडूच म्हणतात, त्यामुळे भाषांतराचा तेवढा एक त्रास वाचतो. तुम्ही मराठी माध्यमात शिकवता म्हणून सांगते, कोर्टावर कन्नड, हिंदी, उर्दू, कोंकणी सगळं येणार. कॅम्पातल्या लष्करी घरांतली मुलं शिस्तीची आणि वेळेवर फी देणारी, पण दोन-तीन वर्षांत बापाची बदली होते. कुणी नुकतं चांगलं खेळायला लागलं की अंबाल्याला जातं. याची सवय करून घ्या.

कोर्सबद्दल फार लिहीत नाही. आयटीएफच्या पायऱ्या आहेत, प्ले टेनिस आणि मग लेव्हल १, २, ३. भारतात ते ऑल इंडिया टेनिस असोसिएशनच्या मार्फत चालतात. लेव्हल १ तुम्हाला हवीच, नवशिक्या आणि मधल्या खेळाडूंसाठीची ती पायरी आहे आणि तुमची नव्वद टक्के मुलं तीच असणार. पटियाळ्याच्या एनआयएस या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचं प्रमाणपत्र सरकारी किंवा संस्थेच्या नोकरीसाठी अर्ज करताना उपयोगी पडतं. पालक एकही प्रमाणपत्र विचारत नाहीत. ते एवढंच बघतात की आपल्या पोराला तुम्ही नावाने हाक मारता का. कोर्स नोकरीत असतानाच, सुट्टीत उरकून घ्या. आणि मुलांना एकट्याने शिकवायची वेळ आली तर कोर्टावर दुसरं मोठं माणूस असू द्या. शाळेत भिंती आणि सहकारी असतात, इथे सकाळी सहाला तुम्ही आणि एक मूल, एवढंच असतं.

स्पर्धांचं वेगळंच जग आहे. मुलाचा ऑल इंडियाचा नोंदणी क्रमांक काढला की देशात कुठेही रँकिंग स्पर्धा खेळता येते. आपली राज्य संघटना बेंगळूरची, कब्बन पार्कमधली, म्हणजे पाचशे किलोमीटर. कोल्हापूर सव्वाशेच्या आत, धारवाड त्याहूनही जवळ. धारवाडला तर २०२३ मध्ये आयटीएफची पुरुषांची व्यावसायिक स्पर्धाच झाली, तेव्हा मी पोरांची जीप भरून नेली होती. सीमाप्रश्न २००४ पासून एका कोर्टात आहे, आमच्या कोर्टावर तो फक्त स्पर्धेचा अर्ज भरताना, राज्याच्या रकान्यापाशी येतो. कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव २०२२ मध्ये विम्बल्डनच्या चौदा वर्षांखालील स्पर्धेत खेळली. त्या आठवड्यात माझ्याकडे तीन पालक आले, आमची पण तशी होईल का म्हणून. हो किंवा नाही, दोन्ही म्हणू नका. वर्षाला किती शनिवार-रविवार प्रवास, किती खर्च, दहावीच्या वर्षी काय करणार, हे कागदावर लिहून द्या. दोघे परत आले नाहीत. तिसऱ्याची मुलगी अजून खेळते.

पैशाच्या कागदांकडे शिक्षक दुर्लक्ष करतात, म्हणून हे लिहितेच. तुमची नऊ वर्षं झाली आहेत. पीएफ कापला जात असेल तर त्यातल्या पेन्शन योजनेला दहा वर्षांची सेवा लागते, तेव्हाच ५८ व्या वर्षी पेन्शन लागू होते. एका वर्षासाठी ती घालवू नका. दुसरं ग्रॅच्युइटी. 'शिक्षकांना ग्रॅच्युइटी नसते' असं मला माझ्या शाळेत तोंडावर सांगण्यात आलं होतं. खरं म्हणजे २००९ च्या दुरुस्तीने शिक्षकांना ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू झालेली आहे, आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती दुरुस्ती कायम ठेवली. पाच वर्षं सेवा झाली की हक्क. हिशेब असा: शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून समजा २६,००० असेल, तर त्याला २६ ने भागून १५ ने गुणा, झाले १५,०००, हे दर वर्षाचे. दहा वर्षांचे दीड लाख. मी दोन अर्ज केले, दुसरा रजिस्टर पोस्टाने, आणि मिळाली. अनुदानित शाळेतलं कुणी हे वाचत असेल तर राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती या दोन शब्दांतला फरक आधी समजून घ्या. राजीनाम्याने मागची सेवा बुडते.

घरचं तुम्ही विचारलेलं नाही, पण मुलगी दुसरीत आहे म्हणून. शिक्षकाची सुट्टी आणि मुलांची सुट्टी एकच असते, हे सुख किती मोठं आहे ते गेल्यावर कळतं. कोचचा दिवस पहाटे साडेपाच ते साडेआठ आणि दुपारी चार ते रात्री आठ. म्हणजे मुलगी घरी असते तेवढाच वेळ तुम्ही बाहेर. दुपारी बारा वाजता तुम्ही मोकळे, आणि घरात कुणी नाही. माझा मुलगा सहावीत असताना त्याच्या वर्गशिक्षिकेने विचारलं, आई काय करते? तो म्हणाला, 'झोपते.' त्याने मला फक्त दुपारीच पाहिलेलं असायचं, शाळा अर्ध्या दिवसाची असली की. पत्नीशी या वेळापत्रकावर बोला, उत्पन्नावर नंतर.

छत्तीस उशीर नाही. कोडगूच्या रोहन बोपण्णाने ४३ व्या वर्षी, २०२४ मध्ये, ऑस्ट्रेलियन ओपनचं दुहेरी जिंकलं, हे उदाहरण तुम्हाला दहा जण देतील. त्याच्या मागे फिजिओ होता, तुमच्या मागे चेंडूंची टोपली. दिवसाला सातआठशे चेंडू खांद्यावरून टाकून माझा उजवा खांदा सहाव्या वर्षी गेला, तीन महिने केस विंचरता येत नव्हते. लहान मुलांना चेंडू हाताने, खालून टाका. रॅकेटने टाकायचे ते फक्त मोठ्यांना.

तर यंदा असं करा. जूनपासून फक्त सकाळची बॅच चालवा, शाळेची लेखी परवानगी काढून. १५ जुलैला आणि १५ सप्टेंबरला वहीत किती नावं आहेत आणि किती फी जमा आहे ते लिहा. जुलैत अठरा-वीस मुलं पैसे भरून टिकली, आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडला, तर डिसेंबरात संस्थेला कल्पना द्या आणि दहा वर्षं भरल्यावर, वार्षिक परीक्षा आणि निकाल उरकून बाहेर पडा. जुलैत दहाच्या खाली आलात तर पुढचा मे पुन्हा बावन्नाचा झाला तरी थांबा. आणि काही झालं तरी दहावीचा वर्ग अर्ध्यात सोडू नका. बेळगाव लहान आहे, त्या मुलांची धाकटी भावंडंच तुमच्या कोर्टावर यायची आहेत.